बोंडअळी, संगणक आणि जीवशास्त्राचा विद्यार्थी

कापूस हे यवतमाळ जिल्ह्याचे वैभव. २०१७ च्या हंगामात मात्र गुलाबी बोंडअळीने विदर्भातील कपाशीला ग्रासले. त्याच हंगामात जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले. फवारणी केव्हा करावी आणि केव्हा टाळावी, हा प्रश्न किती जिव्हाळ्याचा आहे, हे त्यातून दिसून आले.

या प्रश्नाचे एक उत्तर कामगंध सापळ्यात मिळते. सापळ्यात सलग तीन रात्री, प्रत्येक रात्री सरासरी आठ पतंग सापडले की किडीने आर्थिक नुकसानीची पातळी गाठली असे समजतात. एका शेताची नोंद वहीत मावते; शेकडो गावांच्या नोंदी पाऊस व पिकाचे वय यांच्याशी ताडून पाहावयाच्या तर संगणकच हवा. कीटकाचे जीवनचक्र जाणणाऱ्या विद्यार्थ्याला नेमकी हीच विद्या बहुधा अपरिचित असते.

ती शिकविण्याचा एक मार्ग म्हणजे हॅकेथॉन. 'हॅक' व 'मॅरेथॉन' या शब्दांपासून बनलेले हे नाव १९९९ पासून प्रचारात आले. येथे हॅक म्हणजे चोरी नव्हे, तर कल्पक तोडगा. लहान गटाने ठराविक मुदतीत एका प्रश्नावर काम करावयाचे, हे त्याचे स्वरूप. केंद्र शासनाने २०१७ साली 'स्मार्ट इंडिया हॅकेथॉन' सुरू केली. त्यात विद्यार्थी सलग ३६ तास झटले. जुलै २०२० मध्ये कोविडवरील औषधाच्या शोधासाठी 'ड्रग डिस्कव्हरी हॅकेथॉन' जाहीर झाली. रेणूंची संगणकावर पारख करण्याचे काम तिच्यात होते.

अशा कामात शिक्षण कसे घडते? तक्त्यातील रिकामी जागा म्हणजे शून्य नव्हे, हे जीवशास्त्राचा विद्यार्थी जाणतो. शून्य म्हणजे पतंग सापडला नाही. रिकामी जागा म्हणजे सापळा तपासलाच नाही. हा भेद संगणकाला समजावून सांगताना तो आज्ञावली लिहू लागतो. मात्र कळफलक त्याच्याच हाती हवा. अन्यथा संगणकशाखेचा सोबती काम उरकतो आणि हा प्रेक्षक राहतो.

दीड दिवसात कोणी तज्ज्ञ होत नाही. आधी पायथन किंवा आर या विनामूल्य संगणकभाषांची ओळख आणि नंतर नियमित सराव आवश्यक आहे. संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाशी संलग्न असलेल्या जिल्ह्यातील महाविद्यालयांना त्यासाठी प्रश्न दूर शोधावयास नकोत. ते बांधावर उभेच आहेत.