ॲझोला घाला, पण खाद्य कापू नका! अंड्यावरच्या कोंबड्यांचा साधा हिशोब

दुकानात सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न: "दादा, ॲझोला सुरू केलाय, आता लेअर खाद्य किती कमी करू?"

सुरुवातीला मीही एका गिऱ्हाइकाला "करा की दोन किलो कमी" असं सांगून मोकळा झालो होतो. थोड्याच दिवसांत त्यांची अंडी घटली, कवच पातळ झालं, ट्रेमध्येच फुटायला लागली. चूक माझी होती. तेव्हा वही घेऊन बसलो, तोच हिशोब आज तुम्हाला देतो.

एक कोंबडी दिवसाला साधारण ११० ग्रॅम खाद्य खाते. १०० कोंबड्या म्हणजे ११ किलो. खाद्यात प्रथिनं १७ टक्के धरा आणि कॅल्शियम साडेतीन टक्के. दोन किलो खाद्य कापलं, की ३४० ग्रॅम प्रथिनं आणि ७० ग्रॅम कॅल्शियम गेलं.

आता ओला ॲझोला बघा. त्यात नव्वद टक्क्यांच्या वर नुसतं पाणी! एक किलोत सुका माल जेमतेम ७० ग्रॅम आणि प्रथिनं १५ ग्रॅमच्या आसपास. म्हणजे दोन किलो ॲझोल्यातून परत मिळाली फक्त ३० ग्रॅम. कॅल्शियमचा खड्डा तर तसाच राहिला. आणि एका अंड्याच्या कवचातच सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम जातं. मग कवच पातळ होणारच ना?

पैशात बोलायचं, तर खाद्य ३५ रुपये किलो धरलं तरी प्रथिनांच्या हिशोबाने एक किलो ओला ॲझोला ३ रुपयांच्या खाद्याइतकाच.

मग पाला घालायचाच नाही का? घाला की! फायदा दुसरीकडे आहे. ॲझोला, शेवग्याचा पाला, झेंडूच्या पाकळ्या यांतल्या रंगद्रव्यांमुळे बलक गडद होतो. कोंबडी हा रंग स्वतः बनवत नाही, तो खाण्यातूनच येतो. घरगुती गिऱ्हाईक बलक बघून परत येतं. पण रंग दाखवून साधं अंडं "गावरान" म्हणून विकू नका. एकदा विश्वास गेला की गिऱ्हाईक गेलं.

करायचं कसं?

१. पाला सावलीत वाळवा. बुरशी दिसली तर सरळ फेकून द्या.
२. १०० किलो खाद्याला शेवग्याची पूड २ किलोपासून सुरू करा.
३. सणानंतर बाजारात उरलेला झेंडू स्वस्त मिळतो, पण फवारणीचा माल नको. घरच्या बांधावरचाच वापरा.
४. सुबाभळीचा पाला टाळा, त्यातलं मिमोसिन घातक असतं.
५. शिंपल्याचे बारीक तुकडे वेगळ्या भांड्यात कायम ठेवा.

आधी २० कोंबड्या वेगळ्या काढा. तीन आठवडे रोज तीन आकडे लिहा: खाद्य, अंडी, फुटकी अंडी. बलकाचा फरक दहा-बारा दिवसांत दिसेल. वहीने हो म्हटलं, तरच सगळ्या कोंबड्यांना सुरू करा.

धंदा अंदाजावर नाही, वहीवर चालतो. भेटू पुढच्या भागात!