शंभर वाहिन्यांची तगाई

मुलकी खात्याच्या दप्तरात ज्यांची हयात गेली, त्या पिढीला तगाई हा शब्द समजावून सांगावा लागत नसे. बियाणे, बैल किंवा विहीर यांसाठी सरकारने रयतेला आगाऊ रक्कम द्यावी, रयतेने ती पुढच्या पिकांतून हप्त्याहप्त्याने फेडावी, आणि जमीन मात्र रयतेच्याच नावावर राहावी, असा तो व्यवहार होता. दूरचित्रवाणीच्या इतिहासाला वळण देण्याच्या उद्देशाने २०११ साली अमेरिकेत जो एक मोठा उपक्रम सुरू झाला, त्याच्या करारनाम्याचे स्वरूप या जुन्या शब्दाने जितके नेमके सांगता येते तितके दुसऱ्या कोणत्याही शब्दाने सांगता येत नाही, आणि त्या उपक्रमाच्या यशापयशाचे मूळही मला त्या करारनाम्याच्या अटींतच दिसते.

२८ ऑक्टोबर २०११ रोजी गूगलच्या मालकीच्या यूट्यूबने जाहीर केले की, व्यावसायिक निर्मात्यांकडून सुमारे शंभर नव्या वाहिन्या उभ्या करवून घेण्यात येतील. त्यासाठी द्यावयाच्या आगाऊ रकमेचा आकडा वृत्तपत्रांनी सुमारे १० कोटी डॉलर असा प्रसिद्ध केला. ज्या संकेतस्थळाचा आरंभ एप्रिल २००५ मध्ये सॅन डिएगोच्या प्राणिसंग्रहालयात हत्तींसमोर उभ्या राहिलेल्या एका संस्थापकाच्या, वीस सेकंदांहूनही अल्प अशा चित्रफितीने झाला होता, आणि ज्याच्याकडे तोवर मुख्यतः हौशी मंडळींच्या घरगुती चित्रफितींचे भांडार म्हणून पाहिले जात असे, त्याच्या निमंत्रितांच्या यादीत आता गायिका मॅडोना, बास्केटबॉलपटू शकील ओ'नील, स्केटबोर्डपटू टोनी हॉक, विनोदी अभिनेत्री एमी पोहलर, रॉयटर्स वृत्तसंस्था आणि वॉल स्ट्रीट जर्नल यांची नावे होती. योजनेचे सूत्रधार रॉबर्ट किंसल हे आदल्याच वर्षी नेटफ्लिक्स सोडून यूट्यूबमध्ये दाखल झाले होते. करार असा, की वाहिनीला जाहिरातींतून जे उत्पन्न होईल त्यातून प्रथम आगाऊ रक्कम पूर्णपणे वळती व्हावी, मग पुढील उत्पन्नाची वाटणी व्हावी, आणि कलाकृतीचे स्वामित्व निर्मात्याकडेच राहावे.

ज्या केबल दूरचित्रवाणीशी ही स्पर्धा होती, तिचे बळ कशात होते हे प्रथम पाहिले पाहिजे. १९४८ च्या सुमारास पेनसिल्वेनियाच्या डोंगराळ भागात, जिथे शहरातील प्रक्षेपण पोहोचत नसे, तिथे टेकडीच्या माथ्यावर एक उंच अँटेना उभारून तारेने ते चित्र खालच्या घरांत नेण्याची सोय कोणी कोणी केली, आणि तीच केबलची प्रारंभावस्था. त्याच राज्यातील विल्क्स-बॅरी गावी ८ नोव्हेंबर १९७२ रोजी एचबीओ ही वाहिनी अवघ्या ३६५ ग्राहकांपुढे सुरू झाली, १९७५ मध्ये तिने उपग्रहाचा आधार घेतला, आणि त्या मार्गाने १९७९ साली ईएसपीएन, १९८० साली सीएनएन व १९८१ साली एमटीव्ही या वाहिन्या आल्या. तीन मोठ्या प्रक्षेपण-संस्थांच्या एकछत्री अमलाखालील प्रेक्षकवर्ग असा शेकडो वाहिन्यांत विभागला गेला. किंसल यांचा युक्तिवाद याच इतिहासावर आधारलेला होता: केबलने मोजक्या वाहिन्यांच्या शेकडो केल्या, तर इंटरनेट शेकडोंच्या असंख्य करील, आणि मूठभर रसिकांच्या आवडीलाही स्वतंत्र वाहिनी लाभेल.

हा युक्तिवाद मुळात खोटा नव्हता. पण त्यात केबलच्या अर्थकारणाचा एक आधारस्तंभ गृहीत धरलेला नव्हता. केबलच्या बहुतेक वाहिन्यांना जाहिरातींखेरीज दुसरे एक उत्पन्न असते. गावात राहणाऱ्या प्रत्येकाला, तो एखाद्या रस्त्याने जावो वा न जावो, जशी घरपट्टी भरावी लागते, तसे केबल घेणारे प्रत्येक कुटुंब, ते एखादी वाहिनी पाहो वा न पाहो, तिच्या वाट्याची रक्कम मासिक देयकातून भरीत असते. २०१२ च्या सुमारास अमेरिकेत अशी सुमारे १० कोटी कुटुंबे होती, आणि ईएसपीएनला त्यातील बहुतेकांमागे दरमहा सुमारे ५ डॉलर मिळत. म्हणजे महिन्याला सुमारे ५० कोटी डॉलर. यूट्यूबने शंभर वाहिन्यांच्या उभारणीसाठी जी रक्कम काढली, ती ही एकटी क्रीडावाहिनी केवळ पट्टीच्या रूपाने, जाहिरातींचा एक पैसाही न मोजता, सहा दिवसांत वसूल करीत होती.

त्यात ती रक्कम शंभर ठिकाणी वाटली गेली. सरासरीने प्रत्येक वाहिनीच्या वाट्याला १० लाख डॉलर येतात, आणि त्यात नट, लेखक, छायाचित्रण, संकलन व साप्ताहिक प्रक्षेपण या सर्वांचा वर्षभराचा निर्वाह करावयाचा. काही निर्मात्यांनी या मर्यादेतही निष्ठेने काम केले. जॉन अव्हनेट आणि कादंबरीकार गार्सिया मार्केझ यांचे चिरंजीव रोद्रिगो गार्सिया यांनी २०१२ साली सुरू केलेल्या ‘विग्ज’ या वाहिनीने स्त्रीजीवनावरील गंभीर नाट्यमालिका दिल्या आणि ज्यूलिया स्टाइल्ससारखी नामांकित अभिनेत्री त्यांत आणली. परंतु जाहिरातीचा दर अल्प, भाग लहान, आणि परतफेड पहिल्या दिवसापासून, अशा स्थितीत नाट्याची जोपासना फार कठीण असते.

यूट्यूबच्या घोषणेच्याच वर्षी, मार्च २०११ मध्ये, नेटफ्लिक्सने दुसऱ्या प्रकारचा दस्त केला होता. १९९७ साली स्थापन झालेली व टपालाने चित्रपटांच्या तबकड्या भाड्याने देणारी ही संस्था २००७ पासून इंटरनेटवरून चित्रपट दाखवू लागली होती. तिने एचबीओसारख्या प्रतिस्पर्ध्यांना मागे सारून ‘हाऊस ऑफ कार्ड्स’ ही मालिका घेतली. ब्रिटिश राजकारणावरील कादंबरीवरून बीबीसीने १९९० साली जी मालिका केली होती, तिचे हे अमेरिकी रूप. रूढ प्रथेप्रमाणे आधी एक नमुना-भाग मागवून मग निर्णय घेण्याऐवजी नेटफ्लिक्सने दोन पर्वांचे मिळून २६ भाग एकदमच स्वीकारले, आणि त्यासाठी मान्य केलेली रक्कमही प्रसिद्ध झालेल्या आकड्याप्रमाणे सुमारे १० कोटी डॉलरच होती. आंब्याची बाग मोहोरातच खरीदणारा व्यापारी पुढचा वारा आणि गारपीट आपल्या अंगावर घेतो आणि बागाइतदार निश्चिंत होतो, त्या सौद्याची ही जात. मालिकेचे स्वामित्व निर्मिती-संस्थेकडे राहिले, पण नुकसानीचा धोका नेटफ्लिक्सने उचलला. आणि तो उचलण्याचे सामर्थ्य तिला तिच्या दोन कोटींहून अधिक ग्राहकांच्या मासिक वर्गणीने दिले.

एकाच वर्षी, जवळजवळ एकाच रकमेने, एकीने शंभर वाहिन्यांना परतफेडीच्या अटीवर बियाणे दिले आणि दुसरीने एका बागेचा मोहोर विकत घेतला. १ फेब्रुवारी २०१३ रोजी ‘हाऊस ऑफ कार्ड्स’चे पहिले तेरा भाग एकाच दिवशी प्रेक्षकांपुढे आले, आणि त्याच वर्षी दिग्दर्शक डेव्हिड फिंचर यांना तिच्यासाठी एमी पुरस्कार मिळाला. यूट्यूबने मात्र पहिल्या वर्षाचा ताळेबंद पाहून निम्म्याहून कमी वाहिन्यांना पुढील साहाय्य दिले, आणि २०१३ च्या अखेरीस त्या वाहिन्यांची यादीही आपल्या पृष्ठावरून काढून टाकली. २०१५ साली सशुल्क सेवा काढून तिने स्वतःच्या मालिका करण्याचा पुन्हा प्रयत्न केला. त्यातील ‘कोब्रा काई’ लोकप्रिय झाली, पण ती पुढे नेटफ्लिक्सकडे गेली. जानेवारी २०२२ मध्ये यूट्यूबने स्वनिर्मितीचे काम बहुतांशी आवरते घेतल्याचे जाहीर केले, आणि ते जाहीर करणारेही रॉबर्ट किंसलच होते.

एवढ्यावरून तगाई वाया गेली असा निकाल देणे अन्यायाचे होईल. ब्रायन रॉबिन्स यांनी त्या योजनेतून उभी केलेली ‘ऑसमनेस टीव्ही’ ही किशोरांसाठीची वाहिनी ड्रीमवर्क्स ॲनिमेशनने २०१३ साली ३ कोटी ३० लाख डॉलरला विकत घेतली, आणि रॉबिन्स पुढे पॅरामाउंट पिक्चर्सचे प्रमुख झाले. पण मला सर्वांत मोलाचे उदाहरण वाटते ते जॉन आणि हँक ग्रीन या बंधूंचे. ते त्याआधी पाच वर्षे आपल्या प्रेक्षकांशी नियमित बोलत आले होते. मिळालेल्या आगाऊ रकमेतून त्यांनी जानेवारी २०१२ मध्ये जागतिक इतिहास व जीवशास्त्र यांचे पाठ देणारी ‘क्रॅश कोर्स’ ही वाहिनी काढली. साहाय्याची मुदत सरल्यावर अशा वाहिनीने बंद पडावे हेच अपेक्षित होते. परंतु ग्रीन बंधूंनी २०१३ साली ‘सबेबल’ नावाची व्यवस्था उभारून प्रेक्षकांनाच ऐच्छिक मासिक वर्गणीचे आवाहन केले, आणि प्रेक्षकांनी ते मान्य केले. आज त्या वाहिनीचे दीड कोटींहून अधिक सदस्य आहेत, आणि तिचे पाठ कोणालाही विनामूल्य पाहता येतात. बियाणे परक्याचे होते, पण विहीर त्यांनी आधीच खणून ठेवली होती.

मग केबलचे काय झाले? नील्सन या मापन-संस्थेच्या नोंदीप्रमाणे जुलै २०२२ मध्ये अमेरिकेतील दूरचित्रवाणी संचांवरील एकूण पाहण्याच्या वेळेपैकी ३४.८ टक्के वाटा इंटरनेट सेवांचा आणि ३४.४ टक्के केबलचा होता; केबल प्रथमच मागे पडली. मे २०२५ मध्ये इंटरनेट सेवांचा वाटा ४४.८ टक्क्यांवर जाऊन केबल व प्रक्षेपण यांच्या एकत्रित वाट्याहूनही अधिक झाला, आणि त्या सेवांत सर्वांत पुढे, १२.५ टक्के घेऊन, यूट्यूब होते. स्वतःच्या मालिका सोडून दिलेल्या यूट्यूबला हे अग्रस्थान कसे मिळाले? उत्तर पुन्हा जमीन-महसुलाच्या परिभाषेतच सापडते: बटाईने. निर्मात्याने आपल्या खर्चाने पेरावे, आपल्या श्रमाने राखावे, आणि नेहमीच्या चित्रफितींवरील जाहिरातीच्या उत्पन्नातून ५५ टक्के स्वतः घेऊन ४५ टक्के यूट्यूबला द्यावे, ही ती पद्धत. पिकले तर दोघांचे, बुडाले तर बीज निर्मात्याचे. असंख्य निर्माते स्वेच्छेने पेरणी करीत असताना शंभरांना तगाई देण्याची गरज जमीनमालकाला उरली नाही.

या व्यवस्थेने अनेक सामान्य घरांतील गुणी माणसांना वाट दिली, हे मी कृतज्ञतेने मान्य करतो. पण पाटाच्या पाण्याची पाळी कोणाच्या हाती आहे, हेही विसरता कामा नये. २०१२ साली यूट्यूबने चित्रफीत किती वेळा उघडली गेली याऐवजी ती किती वेळ पाहिली गेली यावरून शिफारशी देण्यास आरंभ केला, आणि त्या एका बदलाने अनेक निर्मात्यांचे पाणी वाढले, तर अनेकांचे आटले. तगाईत निदान जमीन रयतेच्या नावावर असे. इथे निर्मात्याच्या नावावर पीक आहे, जमीन नाही.

मराठी निर्माते आज याच जमिनीवर पेरणी करीत आहेत. २०१६ पासून ‘भारतीय डिजिटल पार्टी’ने यूट्यूबवर मराठी बोलीतील छोट्या नाट्यप्रसंगांना जो प्रेक्षक मिळवून दिला, त्याने वाहिन्यांच्या ठरीव साच्याबाहेरचे मराठी पाहण्यास लोक उत्सुक आहेत हे सिद्ध झाले. परंतु मराठीसारख्या भाषेचा जाहिरात-बाजार इंग्रजीच्या तुलनेने लहान, म्हणून केवळ बटाईवर तिच्यात दीर्घ नाट्य, संशोधित माहितीपट किंवा मुलांसाठी उत्तम पाठमाला उभी राहणे अवघड आहे, आणि परदेशी व्यापाऱ्याने आपल्या बागेचा मोहोर घ्यावा याची वाट पाहत बसणेही हितावह नाही. आपल्या भाषेत वर्गणीदार हा शब्द जुना आहे. त्याच्या आगाऊ वर्गणीवर मराठी मासिके चालली, आणि ज्या मासिकाचे वर्गणीदार टिकले त्याच्या संपादकाला मान ताठ ठेवून लिहिता आले. ग्रीन बंधूंचा प्रेक्षक आणि तो जुना वर्गणीदार हे एकाच कुळातले. म्हणून ज्या मराठी निर्मात्याचे काम आपण आवडीने पाहतो, त्याने वर्गणीची सोय ठेवली असेल, तर वाचकहो, महिन्याकाठी एका चहा-फराळाचा खर्च त्याच्याकडे पाठवा, आणि तो नियमाने पाठवीत राहा.