सूनबाई शॉपवर जाणार!

गेल्या महिन्यातली गोष्ट. दिवेलागणीच्या वेळी आमच्या शेजारच्या वहिनी घरी आल्या. हातात पेढ्यांचा पुडा, पण चेहऱ्यावर पेढ्यांचा आनंद काही दिसेना.

"लेकीला नोकरी लागली. मोठ्या कंपनीत, इंजिनिअर म्हणून."

"अहो, मग तोंड का असं?"

"ऑफिसात नाही हो. शॉपवर!" आणि मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "मुलाकडच्यांचा निरोप आलाय. नोकरीला त्यांची ना नाही. पण टेबलाचं काम घ्या म्हणतात. तुम्ही इतकी वर्षं कारखान्यात काढलीत. तुम्हीच सांगा आता, काय करू?"

त्या संध्याकाळी वहिनींना जे सांगितलं, तेच आज तुम्हालाही सांगावंसं वाटतं. कारण आज ना उद्या हा प्रश्न तुमच्याही घरी येणार. लेकीच्या निमित्ताने येईल, नाही तर सुनेच्या.

शॉप म्हणजे दुकान नव्हे!

कारखान्यात जिथे प्रत्यक्ष यंत्रं चालतात, माल बनतो, त्या जागेला शॉप म्हणतात. मशीन शॉप, पेंट शॉप, असेंब्ली शॉप. तिथे तेलाचा वास असतो, आवाज असतो, पायात जड बूट घालावे लागतात. पुष्कळ वर्षं ही जागा बायकांची नाहीच, असं सगळ्यांनी धरून ठेवलं होतं.

सुधा मूर्तींची हकीकत तुम्ही वाचलीच असेल. १९७४ साली त्या सुधा कुलकर्णी होत्या, बंगळूरच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये शिकत होत्या. टेल्कोची जाहिरात लागली आणि तिच्यात खाली ओळ होती, की स्त्रियांनी अर्ज करू नयेत. त्यांनी सरळ जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड लिहिलं. मुलाखतीला पुण्याला बोलावणं आलं, नोकरीही मिळाली. टेल्कोच्या शॉपवरच्या त्या पहिल्या स्त्री-इंजिनिअर. टेल्कोची पुढे टाटा मोटर्स झाली, आणि अलीकडच्या काळात त्याच कंपनीच्या पुण्यातल्या कारखान्यात गाड्या जोडणारी एक अख्खी लाईन मुलींच्या हाती देण्यात आली. एका पोस्टकार्डापासून एका लाईनपर्यंत यायला जवळजवळ पन्नास वर्षं लागली, हेही विसरू नका.

मी १९८४ साली पुण्याजवळच्या एका मोठ्या कारखान्यात लागले. आमच्या शॉपवर अडीचशे माणसं, त्यात बाई मी एकटी. बायकांचं स्वच्छतागृह ऑफिसच्या इमारतीत, शॉपपासून दहा मिनिटं चालत. पहिले सहा महिने मी दिवसभर पाणीच पीत नसे. हे मी घरी कुणाला सांगितलं नव्हतं. आज सांगते.

इंजिनिअर करतो तरी काय?

माझ्या सासूबाई मला नेहमी विचारत, "तू स्वतः यंत्र चालवत नाहीस, मग दिवसभर करतेस काय गं?" प्रश्न अगदी रास्त होता. एक प्रसंग सांगते, म्हणजे उत्तर कळेल.

आमच्याकडे शंभर मिलिमीटर जाडीचे शाफ्ट बनत. शाफ्ट म्हणजे फिरणारा दांडा, त्यावर बेअरिंग घट्ट बसायला हवं. मापात एक-दोन शतांश मिलिमीटरचा फरक चालायचा, त्याहून जास्त नाही. आपला केस साधारण सहा-सात शतांश मिलिमीटर जाड असतो, त्यावरून कल्पना करा. आणि काय व्हायचं, संध्याकाळी मोजून बरोबर म्हणून ठेवलेले शाफ्ट सकाळी बारीक भरायचे! तपासणीवाले म्हणत, मशीनवाल्यांची चूक. मशीनवाले म्हणत, तपासणीवाल्यांची. रोजचं भांडण.

त्या मशीनवर एक वयस्कर कारागीर होते. आम्ही त्यांना मामा म्हणत असू. मी त्यांच्याशेजारी जाऊन उभी राहिले आणि विचारलं, "मामा, तुम्हाला काय वाटतं?" ते काही बोलले नाहीत. नुकताच उतरवलेला शाफ्ट त्यांनी माझ्यापुढे केला, "मॅडम, हात लावून बघा." चांगलाच गरम होता.

आणि एकदम डोक्यात प्रकाश पडला. लोणच्याच्या बरणीचं पत्र्याचं झाकण अडकलं की आपण काय करतो? गरम पाण्याखाली धरतो. पत्रा तापून पसरतो, झाकण सुटतं. तसाच हा शाफ्ट! कापताना तापलेला, पसरलेला. खोलीपेक्षा वीस अंशांनी जरी तो गरम असला, तरी एवढ्या जाडीत दोन शतांशाहून थोडा जास्तच फरक पडतो. गरम असताना मोजला तर बरोबर, निवला की बारीक! म्हणूनच कारखान्यात मोजमापाची खोली वेगळी असते आणि तिथे बारा महिने वीस अंश तापमान ठेवतात. जगभर मापं त्याच तापमानाला धरतात.

आम्ही शाफ्ट निववून मोजायला लागलो, त्याप्रमाणे मशीन लावलं, आणि भांडण मिटलं. मी मामांना म्हटलं, "तुम्हाला ठाऊक होतं तर बोलला का नाहीत?" म्हणाले, "मला विचारलं कुणी?"

तर इंजिनिअरचं काम हे! पुस्तकातलं शास्त्र, मशीनवरच्या माणसाचा अनुभव आणि कागदावरचं माप, या तिघांची गाठ घालून द्यायची. ती टेबलाशी बसून दरवेळी पडतेच असं नाही.

मोठी कंपनी, मोठा पसारा

छोट्या वर्कशॉपमध्ये मालक म्हणेल ती पूर्व दिशा. मोठ्या कंपनीत एक बोल्ट बदलायचा तरी डिझाइनवाल्यांची सही, प्लॅनिंगची सही, क्वालिटीची सही, खरेदीखात्याची सही. नव्या मुलांचा पहिल्या वर्षी जीव मेटाकुटीला येतो. "एवढं शिकलो ते कागद फिरवायला का?" असं म्हणत घरी येतात.

त्यांना आपण चकलीचं उदाहरण द्यावं. घरी भाजणी जरा बिघडली, तर आपण अंदाजाने मोहन वाढवतो आणि वेळ निभावून नेतो. पण दिवाळीत पाचशे किलो चकलीची ऑर्डर घेतली आणि दहा बायका तळायला बसल्या, तर प्रत्येकीने आपापला अंदाज लावून कसं चालेल? तिथे वजन ठरलेलं, ताव ठरलेला, आणि बदल करायचा तर सगळ्यांना सांगूनच. नाही तर एका पिशवीतली चकली खुसखुशीत आणि दुसरीतली दाताला दगड! गाडीच्या ब्रेकच्या बाबतीत असा अंदाज चुकला तर काय होईल, ते सांगायला नकोच.

याची दुसरी बाजूही आहे. तुमचं काम त्या पसाऱ्यात बुडून जातं. शाफ्टवर तुमचं नाव नसतं. लाईन नीट चालली तर कुणी विचारत नाही, थांबली की रात्री साडेदहाला घरचा फोन वाजतो. जेवण अर्धवट टाकून उठलेला नवरा किंवा उठलेली सून पाहिलीत, तर रागावण्याआधी एवढं लक्षात घ्या की तिकडे शे-दीडशे माणसं हात बांधून उभी आहेत.

टेबल की शॉप?

आता वहिनींच्या खऱ्या प्रश्नाकडे येते. टेबलाचं काम कमी प्रतीचं असतं का? मुळीच नाही. आपल्या देशातल्या पहिल्या स्त्री-इंजिनिअरांपैकी एक म्हणजे मद्रासकडच्या ए. ललिता. पंधराव्या वर्षी लग्न, अठराव्या वर्षी वैधव्य, पदरात काही महिन्यांची मुलगी. वडिलांनी पाठीशी उभं राहून गिंडीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात घातलं. १९४०च्या दशकात विजेच्या इंजिनिअर झाल्या आणि पुढे कोलकात्याच्या एका मोठ्या कंपनीत त्यांनी वीजवाहिन्यांच्या आराखड्यांचं काम केलं. भाक्रा-नांगलच्या वीजवाहिन्यांच्या कामातही त्यांचा हात होता. टेबलावरून देशभर वीज नेता येते, बरं का!

पण टेबल आपण निवडणं वेगळं आणि घराने ते गळ्यात घालणं वेगळं. माझ्या बाबतीत दुसरं झालं. १९८९ साली मुलगा झाला. सगळे म्हणाले, "आता सोयीचं काम घे." साहेबही म्हणाले, घरचेही म्हणाले, आणि खरं सांगायचं तर मलाही हायसं वाटलं. प्लॅनिंगच्या टेबलावर गेले. दोन वर्षांनी परत शॉपवर यायचं म्हटलं, तर जागा भरलेली. पुढे बढतीची वेळ आली तेव्हा उत्तर मिळालं, "तुम्हाला शॉपचा अनुभव कमी आहे, आणि रात्रपाळीही केलेली नाही." रात्रपाळी कशी करणार? १९४८च्या कारखाने कायद्याने बायकांना संध्याकाळी सातनंतर कारखान्यात काम करायला मनाई होती! मद्रास उच्च न्यायालयाने ती मनाई रद्द ठरवली ती २००० साली. माझ्याबरोबर लागलेले दोघे पुढे कारखान्याचे मॅनेजर झाले. मी झाले नाही. रडगाणं म्हणून हे सांगत नाही. 'सोयीचं' या शब्दाची किंमत किती असते, ती तुम्हाला कळावी म्हणून सांगते.

आज दिवस पुष्कळ बदललेत. २०१७ पासून पहिल्या दोन बाळंतपणांना सव्वीस आठवड्यांची पगारी रजा आहे, पन्नास किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय हवी असा नियम आहे. कायदा एवढं करतो. उरलेलं घराने करायचं असतं.

घरासाठी चार गोष्टी

१. फिरत्या यंत्राजवळ बांगड्या, अंगठी, ओढणी, लोंबतं मंगळसूत्र चालत नाही. जीवावर बेतू शकतं. सुनेने मंगळसूत्र डबीत ठेवलं, म्हणून मन खट्टू करू नका. उलट ती डबी तुम्हीच घेऊन द्या.

२. कामाचे कपडे इतर कपड्यांत भिजवू नका. तेलाच्या डागावर आधी टाल्कम पावडर भुरभुरवून अर्धा तास ठेवा, झटका, मग कोरड्या कपड्यालाच धुण्याचा साबण चोळून धुवा. डाग जाईपर्यंत इस्त्री करू नका, डाग पक्का होतो.

३. रात्रपाळी करून आलेल्या माणसाची झोप ही चैन नव्हे. खोलीला जाड पडदा लावा. दूधवाल्याला, पेपरवाल्याला बेल वाजवू नको म्हणून सांगून ठेवा.

४. आल्या आल्या "दमलीस का?" असं विचारण्यापेक्षा "आज काय झालं?" असं विचारा. यंत्रातलं काही कळलं नाही तरी चालेल. ऐकणारं कुणी आहे, एवढ्यानेच निम्मा शीण जातो.

एवढं सगळं ऐकून वहिनी उठल्या. जाताना मी एवढंच म्हटलं, "निरोपाला निरोप धाडू नका. दोघींची गाठ घालून द्या. लेकीला स्वतः बोलू दे."

आठ दिवसांनी दोन्हीकडची मंडळी भेटली. मुलीने सगळं सांगितलं, मंगळसूत्राचंसुद्धा. होणाऱ्या सासूबाई बराच वेळ गप्प होत्या. मग त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"तिथे जेवायला वेळेवर मिळतं ना गं?"

पुढच्या सोमवारपासून मुलगी शॉपवर जायला लागली आहे.