पंचनाम्यात विहीर नसते

3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर चढलं. मुंबई वाचली; श्रीवर्धन, दिवेआगर, हरिहरेश्वर झोडपून निघाले. आपल्या गोलार्धात वादळाचे वारे घड्याळाच्या उलट फिरतात. त्यामुळे पश्चिम किनाऱ्यावर वादळाच्या दक्षिण अंगाचा वारा समुद्राचं पाणी जमिनीकडे लोटतो, तर उत्तर अंगाचा उलट दिशेला. वर्गात मी याची आकृती काढतो. श्रीवर्धनच्या वाडीवाल्याला ती लागत नाही.

विद्यार्थ्यांना घेऊन मी तिथल्या वाड्यांमध्ये फिरतो. पडलेली झाडं पंचनाम्यात येतात. मदतीचा हिशेबही आधी हेक्टरी होता. इथे वाडी गुंठ्यांत मोजतात, नारळाखाली सुपारी आणि सुपारीवर मिरवेल. ओरड झाल्यावर मदत झाडामागे आली. नवं सुपारीचं रोप धरेपर्यंतची वर्षं मात्र कुठल्याच रकान्यात बसत नाहीत.

आमचे प्रश्न पाण्याचे असतात. विहीर कधीपासून मचूळ लागते? उधाणाचं पाणी कुठवर येतं? सालं कुणी सांगत नाही. "धाकट्याच्या लग्नात पंगत याच विहिरीच्या पाण्यावर उठली," असं एखादी आजी सांगते. मग आम्ही लग्नपत्रिका शोधतो. पुरावा म्हणून पत्रिका वाईट नसते, तिथीसुद्धा छापलेली असते!

विहिरीला नोंद नाही, समुद्राला आहे: मुंबईत अपोलो बंदरावर भरतीची नोंद 1878 पासून आहे. जगाचा समुद्र 1901 ते 2018 या काळात सरासरी 20 सेंटिमीटर चढला, म्हणजे जेमतेम वीतभर. पण ही वीत प्रत्येक भरतीच्या पायाशी असते. वादळाने फुगवलेलं पाणी ओहोटीला आलं तर पुळणीवरच जिरतं, उधाणाच्या भरतीला आलं तर शेतापुढचा खारबांध ओलांडतं. निसर्ग आलं तेव्हा वटपौर्णिमा दोनच दिवसांवर होती, म्हणजे उधाण जवळच होतं.

खारबांधाला उघाडी असते. भरतीला तिचं दार मिटतं, ओहोटीला उघडतं आणि शेतातलं पावसाचं पाणी खाडीत जातं. समुद्र वर आला की दार कमी वेळ उघडं राहतं, म्हणून वादळ नसतानाही भात बुडतो. या नुकसानीला बातमीत जागा नसते, आणि मला तेच जास्त गंभीर वाटतं.

पंचनाम्यात विहिरीला एक रकाना द्यावा, असं माझं म्हणणं आहे. एरवीची नोंद गावातल्या शाळेने ठेवावी. त्याला पाण्यातले क्षार मोजणारा साधा टीडीएस मीटर पुरतो; दर अमावास्या-पौर्णिमेला, ठरलेल्या विहिरींवर.