कोंबड्या खुराड्यात का झोपत नाहीत?



लागणीच्या नोंदी घेत शिरूर अनंतपाळ भागातील एका वस्तीवर गेलो होतो. काम आटोपून चहा घेताना घरच्या आक्का म्हणाल्या, "साहेब, उसाचं समदं सांगता, जरा कोंबड्यांचंबी सांगा. खुराडं बांधलं, पर एकबी आत जाईना. समद्या लिंबावर. अन् रानमांजर एकेक उचलायलंय."

सभासद हसले. "साहेबाला काय कोंबड्याचं इचारतीस?"

आक्का म्हणाल्या, "उसाचं बिल तुमच्या खात्यावर येतंय, अंड्याचा पैसा माझ्या हातात येतोय."

हे बोलणे मनाला लागले. २०१६ साली मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले, तो दुष्काळ आपण विसरलेलो नाही. फडातला ऊस वाळला की आठवडी बाजारात अंडी आणि एखादा कोंबडा विकून तेलमीठ येते, हे घरच्या बाईला कोणी शिकवावे लागत नाही. म्हणून हा विषय हसण्यावारी नेऊ नये.

पहिली गोष्ट ही, की झाडावर झोपणे हा कोंबडीचा हट्ट नव्हे. तिचा मूळ पूर्वज रानकोंबडा झाडावरच झोपतो. अंधार पडला की तिला दिसत नाही, म्हणून दिवस मावळताच ती उंच जागा धरते. खुराड्यात ती सोय नसेल तर ती लिंबच धरणार. आपण मात्र खुराडे न बघता काठी घेऊन तिच्या मागे लागतो.

मीही तेच केले. घरी नवे पत्र्याचे खुराडे केले. चार महिने कोंबड्या नीट झोपल्या, मग एकाएकी बाहेर राहू लागल्या. मी रोज लिंब झोडपायचो. एका रात्रीत तीन कोंबड्या गेल्या. शेवटी आईने रात्री पांढरे फडके बसायच्या दांडीखालून फिरवले. फडक्यावर रक्ताचे ठिपके! दांडीच्या फटींत बारीक लाल किडे होते. पिकावरच्या लाल कोळ्याच्या जातकुळीचेच हे. दिवसा फटीत दडतात, रात्री कोंबडीचे रक्त पितात. अशा घरात कोण झोपेल?

तेव्हा आधी खुराडे तपासा.

१. पांढऱ्या फडक्याची परीक्षा करा. ठिपके दिसले तर दांड्या काढून फटींत उकळते पाणी ओता, कडक उन्हात वाळवा, आतून चुना मारा. आठवड्याने पुन्हा हेच करा. कोंबड्यांना लोळायला राख मिसळलेली कोरडी माती ठेवा. उसाचे कीटकनाशक मात्र खुराड्यात कदापि वापरू नका. पूर्वी घरोघर असलेली बी.एच.सी. पावडर १९९७ पासून देशात बंद आहे, ती उगाच नव्हे. असले विष अंड्यात उतरते आणि अंडे आपलीच लेकरे खातात.

२. दांडी दोन इंच जाडीची, कडा घासून गोल केलेली असावी. दर कोंबडीला वीतभर जागा द्या. अंडी घालायची पाटी दांडीपेक्षा खाली ठेवा, नाहीतर कोंबड्या पाटीतच झोपून घाण करतात. वनराजा, गिरिराजा या जाती अंगाने जड. त्यांना दीड फूट उंची पुरे.

३. वरच्या बाजूला जाळीची खिडकी हवी. आत वाकल्यावर आपले डोळे चुरचुरले तर कोंबडीचेही चुरचुरतात. खाली कोरडे, बारीक केलेले पाचट अंथरा. ओले झाले की बदला.

आता सवय लावणे. रात्री पूर्ण अंधार पडल्यावर कोंबड्या झाडावरून अलगद उतरवून दांडीवर बसवा आणि दार लावा. आठवडाभर आतच दाणापाणी द्या. जागा अपुरी असेल तर चौथ्या दिवसापासून दिवस मावळायच्या आधी तासभर सोडा. पुढे रोज त्याच वेळी, नेहमीची हाक मारून मूठभर ज्वारी आतच टाका. पाऊण तास आधी टाकलेली ज्वारी काठीपेक्षा जास्त काम करते. आत अंधार असेल तर थोडा वेळ कंदील किंवा बॅटरी लावा. सगळ्या बसल्या की मोजा, दिवा काढा, कडी घाला.

कडी एक रात्रही विसरू नका. विशेषतः ऊसतोड सुरू झाली की फडात दडलेली रानमांजरे, कोल्हे आसरा शोधत वस्तीकडे येतात. अंड्यांच्या वासाने सापही येतो. म्हणून अंधारात पाटीत हात घालू नये. अंडी उजेडातच काढावीत.

आणखी एक फायदा. कोंबड्या आत असल्या की राणीखेतची लस सकाळी दार उघडण्याआधी सर्वांना देता येते, एकही सुटत नाही.

पंधरा दिवसांनी त्या वस्तीवर पुन्हा गेलो. सभासदांनी स्वतः चुना मारून नवी दांडी बसवली होती. आक्का म्हणाल्या, "दोघी अजून लिंबावरच हायेत बगा. बाकीच्या हाक मारली की येतात." दोघीही येतील. उतरवायचा कंटाळा करू नये, एवढेच.

सभासद बंधूंनो, कोंबड्या घरच्या बाईच्या असतील, पण खुराड्याची दुरुस्ती आपण अंगावर घ्यावी, ही विनंती. अर्ध्या दिवसाचे काम आहे.

— ऊस विकास अधिकारी