पावसाळ्यात तडकणारं पितळ

काडतुसाची पुंगळी सहसा ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त यांच्या पितळेची असते. पुण्याजवळच्या खडकीत १८६९पासून दारूगोळा कारखाना आहे. पितळेची चकती साच्यातून ओढून लांबवत नेली की पुंगळी तयार होते. दर ओढीला पितळ कडक होतं, म्हणून मधेमधे ते तापवून मऊ करावं लागतं.

मार्टिनी-हेन्रीसारख्या कालबाह्य रायफलींसाठी परदेशातले हौशी लोक आजच्या पुंगळ्यांना जुना आकार देतात. तिथेही पितळ तापवून मऊ करावं लागतं: दाबलेल्या पितळात ताण अडकून राहिला, तर पुढे पुंगळीच्या मानेला उभी चीर जाते.

हा दोष ब्रिटिश फौजेला हिंदुस्थानातच दिसला. पावसाळ्यात तबेल्यात ठेवलेली काडतुसं न वापरताच तडकलेली निघत. घोड्यांच्या मूत्रातून सुटणारा अमोनिया, हवेतली ओल आणि धातूतला ताण एकत्र आल्याने हे घडतं, हा उलगडा १९२१मध्ये झाला. धातुशास्त्राला हा मोलाचा धडा आपल्या पावसाळ्याने दिला, हे आपल्याकडे फारसं सांगितलं जात नाही.

आपल्याकडे परवान्याशिवाय काडतुसं बनवणं हा १९५९च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे. जुन्या वाड्यात काडतुसं सापडली, तर हात न लावता पोलिसांना कळवा.