कावळा, माड आणि हार्ड डिस्क

पावसाळाभर बंद ठेवलेलं कोकणातलं घर उघडलं की आधी बुरशीचा वास येतो. आमचं घर भाट्याला. रत्नागिरीतून निघून काजळीच्या खाडीवरचा पूल ओलांडला की पलीकडे समुद्र आणि सुरूचं बन. जूनमध्ये मुंबईला मुलीकडे गेलो, ते गणपतीच्या आठ दिवस आधी परतलो. भाचा मदतीला आला होता. ‘मामा, बायोस फार जुनं आहे’ असं म्हणत त्याने पेनड्राइव्हवरून नवं बायोस मारलं. विंडोज नीट सुरू झालं, पण फोटोंची एक टीबीची हार्ड डिस्क गायब! आळ अर्थातच भाच्यावर आला.

कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ. संस्कृतातल्या काकतालीय न्यायात ताडाचं फळ पडतं; भाट्यात नारळ संशोधन केंद्र असल्यामुळे आम्ही ताडाऐवजी माड धरला तरी चालेल. दुरुस्तीच्या दुकानात येणारं निम्मं गिऱ्हाईक कावळ्याचीच तक्रार घेऊन येत असावं.

बायोस हा बोर्डावरच्या छोट्या चिपमधला प्रोग्रॅम. बटण दाबलं की विंडोजच्या आधी तो उठतो आणि वर्गातल्या मास्तरासारखी हजेरी घेतो: रॅम आहे? डिस्क आहे? कीबोर्ड? म्हणून पहिला प्रश्न एवढाच, की वस्तूचं नाव या हजेरीत आहे का? यंत्र सुरू होताना डिलीट किंवा एफ-२ दाबून बायोसच्या पडद्यावर जायचं आणि यादी वाचायची. नाव तिथे असेल आणि विंडोजमध्ये नसेल, तर दोष बहुधा ड्रायव्हरचा किंवा विंडोजचा. तिथेच नसेल, तर मात्र सेटिंग, केबल, वीज किंवा खुद्द ती वस्तू.

सेटिंगचा संशय आधी घ्यावा, कारण बायोस बदललं की बहुतेक वेळा सगळ्या सेटिंग मूळपदावर जातात. डिस्कचा मोड ‘रेड’वरून ‘एएचसीआय’वर गेला किंवा इंटेलचं ‘व्हीएमडी’ चालू-बंद झालं, तर धडधाकट डिस्क अनोळखी होते. जुन्या पद्धतीने विंडोज टाकलेली डिस्क ‘सीएसएम’ बंद झाल्यावर बूटच्या यादीतून जाते. काही बोर्डांवर एम-डॉट-टूचा एक खाचा वापरला की साटाचं एखादं पोर्ट मुकं होतं. बोर्डावरचा सीआर-२०३२ सेल संपला तरी सेटिंग अशीच पुसली जाते, अपडेट न करताही. घड्याळ काही वर्षं मागे गेलेलं दिसलं, तर चोर तोच.

घाई मात्र नडते. नव्या बायोसनंतर डीडीआर-५ रॅमचा बोर्ड पहिल्यांदा सुरू होताना काही मिनिटं पडदा काळाच ठेवू शकतो. रॅमची नव्याने जुळणी चाललेली असते. तेवढ्यात कोणी तरी प्लग ओढतो. विंडोजने ‘डिस्क इनिशियलाइज करू का?’ असं विचारलं, तर आत डेटा असताना कधीही हो म्हणू नये. बिटलॉकर चालू असेल, तर अपडेटच्या आधी ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवावी. आणि आमच्याकडे वारा सुटला की लाइट जाते. तेव्हा युपीएसशिवाय बायोस मारणं म्हणजे भरतीच्या वेळी होडी रंगवायला काढणं.

अपडेट नेहमी निर्दोषच असतं, असंही नाही. २००९ च्या जानेवारीत सीगेटच्या बाराकुडा ७२००.११ मालिकेतल्या काही डिस्क फर्मवेअरमधल्या चुकीमुळे सुरू होतानाच दिसेनाशा होत होत्या. कंपनीने दुरुस्त फर्मवेअर दिलं, तर त्याने ५०० जीबीच्या काही डिस्क बंद पाडल्या; ते मागे घ्यावं लागलं. उलट उदाहरण २०१९ चं. एचपीईच्या काही एसएसडी ३२,७६८ तास, म्हणजे ३ वर्षं २७० दिवस ८ तास चालल्या की कायमच्या मरणार होत्या, कारण तास मोजणारा आकडा त्याच्या पलीकडे जाऊ शकत नव्हता. तिथे अपडेट न करणाराच बुडणार होता.

आमच्या डिस्कचं नाव हजेरीत नव्हतं. पोर्ट चालू, मोड ठीक. चालत्या एसएसडीची डेटा केबल लावून पाहिली, तरी नाही. मग डिस्कवर हात ठेवला. ती फिरतच नव्हती. वीज पोचली की साधारणपणे डिस्क आपली आपण फिरू लागते. त्यासाठी मास्तरांची परवानगी लागत नाही. विजेची दुसरी पिन लावताच घरघर सुरू झाली.

पहिल्या पिनेत टॉर्च मारला, तर आत हिरवट थर. तांब्याच्या भांड्यात ताक ठेवल्यावर कळकतं, तसं. समुद्रावरून येणारं मीठ घरभर बसतं आणि हवेतली सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास पोचली, की मीठच पाणी ओढून ओलं होतं. रोज चालणारं यंत्र स्वतःच्या उबेने थोडं तरी कोरडं राहतं. आमचं तीन महिने थंड पडून होतं. अपडेट हे फक्त त्यानंतरचं पहिलं मोठं काम. (कधी कधी रिक्षात घालून दुकानात नेलेलं यंत्र तिथे मुकाट चालू होतं, ते पुलावरच्या हादऱ्यांनी पिना घासल्या जाऊन. श्रेय दुकानदाराला.)

यंत्र बंद करून, प्लग काढून, आयसोप्रोपिल अल्कोहोलने डिस्ककडच्या पिना पुसल्या. कळकलेली वायर बदलली. रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर खोडरबर फिरवला. फोटो लगेच दुसऱ्या डिस्कवर उतरवले.

यंदा जूनमध्ये निघताना ती डिस्क काढून, सिलिका जेलच्या पुड्यांसकट घट्ट झाकणाच्या डब्यात घालून बरोबर नेली. भाच्याला मी निर्दोष ठरवलं आहे. त्याच्या मामीने नाही. त्याला पेनड्राइव्ह दाराबाहेर ठेवून घरात यावं लागतं.